कानदुखीवर घरगुती औषधं: बाहेरून काय करायचं आणि कानात काय घालायचं नाही

कान ठणकायला लागतो तो बहुधा रात्रीच. आडवं झालं की नाकामागची सूज वाढते, घशाकडून कानाकडे जाणारी बारीक नळी आणखी बंद होते आणि पडद्यामागे दाब साठतो. दवाखाना बंद असतो, मूल रडत असतं आणि घरात कुणीतरी लसणीचं तेल कढवायला घेतं. अशा रात्री हाताशी असावी म्हणून ही माहिती. आपल्याकडच्या कोणत्या उपायाला आधार आहे, कोणता निरुपयोगी पण निरुपद्रवी आहे आणि कोणत्याने कान बिघडतो, हे इथे कृतीसकट दिलं आहे.

एक गोष्ट आधी नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिथे पडद्याने वाट बंद होते. सर्दीनंतर लहान मुलांचा कान दुखतो तेव्हा जंतुसंसर्ग जवळपास नेहमी पडद्याच्या मागे असतो. पडदा शाबूत असेल तर कानात घातलेलं तेल त्या संसर्गापर्यंत पोचतच नाही. आणि पडद्याला भोक पडलेलं असेल तर ते तेल पोचू नये तिथे पोचतं. कानात काहीही घालण्याआधी हा पेच डोळ्यांसमोर ठेवा.

आधी दुखतंय कुठे ते ओळखा

कानाच्या भोकापुढे कूर्चेचा एक छोटा उंचवटा असतो. तो बोटाने हलकेच दाबा, मग कानाची पाळी धरून वर आणि मागे ओढा. एवढ्याने माणूस कळवळला तर दुखणं बाहेरच्या नळीत आहे: पोहल्यामुळे, पावसाळ्याच्या ओलसरपणामुळे, किंवा काडी, पिन, कानकोरणं फिरवल्यामुळे झालेली सूज किंवा पुळी. दाबून-ओढून फारसा फरक पडत नसेल, दोन-चार दिवसांपूर्वी सर्दी झाली असेल, ताप असेल आणि कानात दडा बसल्यासारखं वाटत असेल, तर दुखणं पडद्यामागे म्हणजे मधल्या कानात आहे असं धरून चाला. बोलता न येणारं बाळ सारखं कान ओढतं, दूध ओढताना मध्येच सोडून रडतं, आडवं केलं की जास्त रडतं. नुसतं कान ओढणं मात्र पुरेसं लक्षण नाही. दात येतानाही बाळं कान ओढतात.

तिसरी शक्यता अशी की कानात काहीच नसतं. दाढ किडली, अक्कलदाढ अडली, टॉन्सिल सुजले, जबड्याचा सांधा दुखावला, तरी कळ कानात उमटते, कारण या सगळ्या भागांच्या नसा एकमेकींशी जोडलेल्या आहेत. घास चावताना किंवा जांभई देताना कानापुढे दुखत असेल तर जबडा किंवा दाढ तपासून घ्या. आणि घरात कुणी तंबाखू, गुटखा खात असेल किंवा मिसरी लावत असेल, त्याचा एकाच बाजूचा कान दोन-तीन आठवडे दुखतो आहे आणि कान तपासला तर साफ आहे, अशा वेळी घसा आणि जिभेचा मागचा भाग तज्ज्ञांकडून बघून घेतलाच पाहिजे. तिथल्या कर्करोगाचं दुखणं कधी कधी आधी कानात जाणवतं. अशा माणसाच्या कानात महिनाभर तेल सोडत राहिल्याने हातातून गेलेला वेळ परत मिळत नाही.

कानात थेंबही घालायचा नाही, अशा वेळा

कानातून पाणी, पू किंवा रक्त येत असेल. आधी जोराचं दुखत होतं, मग कान वाहायला लागला आणि दुखणं एकदम थांबलं असेल. याचा अर्थ बहुधा पडदा फाटून दाब मोकळा झाला, कान बरा झाला असा नाही. पूर्वी कधी कान फुटलेला असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल, पडद्यात नळी बसवलेली असेल. कानशिलावर थप्पड किंवा मार बसल्यावर दुखायला लागलं असेल. कानात वाटाणा, मणी, खडूचा तुकडा गेल्याची शंका असेल. घड्याळाचा किंवा रिमोटचा चपटा सेल गेला असेल, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठायचं, कारण ओलाव्यात तो आतली कातडी जाळत जातो. मधुमेही माणसाचा कान दुखत असेल तर घरी प्रयोग नकोत. आणि एक वर्षाखालच्या बाळाच्या कानात कुठल्याही कारणाने काहीही घालायचं नाही.

ही यादी मोठी वाटली तरी ती मोठीच ठेवा. घरी टॉर्च मारून पडदा दिसत नाही. नळी वाकडी असते आणि पडदा पाहायला डॉक्टरांकडचा ऑटोस्कोपच लागतो.

शेक

सगळ्यात सोपा, सगळ्यात जुना आणि जवळपास सगळ्यांना चालणारा उपाय. उबेने कानाभोवतीचे आखडलेले स्नायू सैल होतात, रक्तपुरवठा वाढतो आणि मेंदूकडे जाणारी वेदनेची जाणीव बोथट होते. शेकाने जंतू मरत नाहीत, पण दुखणं सुसह्य होतं, आणि पहिल्या रात्री तेच हवं असतं.

ओव्याची पुरचुंडी अशी करा. जाड बुडाच्या तव्यावर दोन मोठे चमचे ओवा मंद आचेवर टाका आणि हलवत राहा. दीड-दोन मिनिटांत त्याचा उग्र वास नाकाला झोंबू लागेल आणि दाणे किंचित तडतडतील. तिथेच गॅस बंद करा. धूर निघेपर्यंत भाजला तर पुरचुंडी जाळेल. जुन्या सुती धोतराचं किंवा साडीचं फडकं दुहेरी घेऊन त्यात ओवा बांधा. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं कापड घेऊ नका, ते वितळून कातडीला चिकटतं. बांधलेली पुरचुंडी मिनिटभर तशीच ठेवा, मग स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला मनात दहा आकडे मोजेपर्यंत टेकवा. हात मागे घ्यावासा वाटला तर अजून गरम आहे. लहान मुलासाठी मोठ्याला जेमतेम कोमट वाटेल एवढीच ऊब पुरे.

शेक कानाच्या भोकावर द्यायचा नाही. कानामागच्या हाडावर, कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत आणि कानापुढे, असा फिरवत द्यायचा. एका वेळी दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. ओवा थंड झाला की तोच पुन्हा गरम करता येतो, पण दोन-तीनदा तापवल्यावर वास गेला की टाकून द्या. ओव्यातलं थायमॉल प्रयोगशाळेत जंतूंना मारतं हे खरं, पण पुरचुंडीतून ते कानाच्या आत पोचून काम करतं असं मानायला आधार नाही. पुरचुंडीचं खरं काम उबेचं. म्हणून ओवा नसेल तर जाड मीठ, तांदूळ किंवा नुसतं इस्त्रीने गरम केलेलं फडकंही तेवढंच चालतं. विड्याचं पान तव्यावर नरम करून कानामागे लावायची पद्धत आहे, तीही याच कारणाने आराम देते. फक्त पानाला तेल लावून तापवलं तर ते दिसतं त्याहून बरंच गरम असतं.

चुका इथेही होतात. गरम पाण्याची रबरी पिशवी झोपलेल्या मुलाच्या उशाशी ठेवून मोठी माणसंही झोपून जातात. झाकण सैल असेल तर पोळतं. ज्या मधुमेही माणसांच्या कातडीची जाणीव कमी झालेली असते, त्यांना चटका कळतच नाही. कानामागे आधीच लाल, चकचकीत सूज असेल तर शेकाचा विचारही करू नका. त्याबद्दल शेवटी येईल.

झोपताना डोकं जास्तीची उशी घेऊन उंच ठेवलं तर ठणका कमी होतो. दुखणारा कान वरच्या बाजूला ठेवा. वर्षाखालच्या बाळाला मात्र उशी देऊ नका. उभं धरून खांद्यावर घ्या.

वेदनाशामक हा हरलेल्याचा उपाय नाही

घरगुती उपायांवर विश्वास असणारे बरेच जण मुलाला रात्रभर रडू देतात पण पॅरासिटामॉल देत नाहीत. हे मुलावर अन्याय करणारं आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधल्या कानाचा संसर्ग झालेल्या २१९ मुलांचे तीन गट केले होते; सगळ्यांना प्रतिजैविक चालूच होतं. दोन दिवसांनी दुखणं शिल्लक होतं ते आयबुप्रोफेनच्या गटात ७ टक्के मुलांना, पॅरासिटामॉलच्या गटात १० टक्के आणि नुसत्या दिखाऊ औषधाच्या गटात २५ टक्के मुलांना. कानदुखीवरच्या कुठल्याही वनस्पतीच्या पाठीशी इतका स्वच्छ पुरावा नाही.

पॅरासिटामॉलचं प्रमाण वजनावर ठरतं: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत जास्तीत जास्त चार वेळा. १२ किलोच्या मुलाला एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम. इथे बाटलीवरचा आकडा वाचायलाच हवा. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप मिळतं आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेलंही. पहिल्याचे ५ ते साडेसात मिलिलिटर आणि दुसऱ्याचे जेमतेम अडीच ते साडेतीन, हिशोब इतका बदलतो. तान्ह्या बाळांचे थेंब तर याहूनही तीव्र असतात. सर्दीच्या अनेक मिश्र सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे दोन्ही दिली की नकळत दुप्पट डोस जातो. घरातला स्टीलचा चमचा वापरू नका, बाटलीसोबतचं मापच घ्या. डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन नको. मुलांना ॲस्पिरिन कधीच नको. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर घरी औषध न देता डॉक्टरांकडे न्या.

लसणीचं तेल: आधार किती आणि करायचं तर कसं

कानदुखीवर लसूण हा आपल्याकडचा नवा शोध नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत आणि कर्णशूलावर कानात घालायला लसूण, आलं, शेवगा, मुळा आणि केळ यांचे रस सुचवले आहेत, तेही कोमट करूनच. त्याच ठिकाणी कानाच्या रोग्याने डोक्यावरून अंघोळ करू नये असंही सांगितलं आहे. हा सल्ला आजही शब्दशः पाळावा असा आहे. त्या काळी पडदा पाहायचं साधन नव्हतं, प्रतिजैविकं नव्हती. आज दोन्ही आहेत, म्हणून जुना उपाय उचलताना ही तपासणीही सोबत हवी.

लसूण ठेचली की तिच्यातलं ॲलिइन आणि ॲलिनेज नावाचं विकर एकत्र येऊन ॲलिसिन तयार होतं. तो झणझणीत वास त्याचाच. ॲलिसिन प्रयोगशाळेतल्या बशीत अनेक जंतू आणि बुरशा मारतं. पण ते टिकाऊ नाही. अख्खी पाकळी सरळ गरम तेलात टाकली तर विकर आधीच मरतं आणि ॲलिसिन बनतच नाही. ठेचून बनवलेलं ॲलिसिन कढत्या तेलात मोडून जातं. काळ्या पडेपर्यंत तळलेल्या लसणीच्या तेलात उरतो तो वास आणि थोडी गंधकयुक्त संयुगं.

माणसांवर झालेल्या दोन अभ्यासांचा दाखला नेहमी दिला जातो. दोन्ही इस्रायलमधले. २००१ च्या अभ्यासात ६ ते १८ वयाच्या १०३ मुलांना ऑलिव्ह तेलात लसूण, व्हर्बास्कम, कॅलेंडुला आणि हायपेरिकम या वनस्पती असलेले थेंब किंवा बधिर करणारे औषधी थेंब दिले. दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालं. २००३ मध्ये १७१ मुलांवर तशाच प्रकारचे थेंब पुन्हा, काहींना प्रतिजैविक देऊन आणि काहींना न देता, तपासले. दुखणं सगळ्याच गटांत ओसरलं, आणि संशोधकांनीच मांडलं की या आरामाचा सुमारे ८० टक्के भाग नुसता वेळ गेल्याने येतो. दोन्ही अभ्यासांत काहीच न घातलेल्या मुलांचा गट नव्हता, ही मोठी उणीव. शिवाय ते थेंब कारखान्यात तयार केलेले, निर्जंतुक आणि मोजून भरलेले होते. कढल्यातलं तेल नव्हे. म्हणून एवढंच म्हणता येतं की पडदा शाबूत असलेल्या, थोड्या मोठ्या मुलांत कोमट तेलाच्या थेंबांनी तासा-दोन तासांचा आराम मिळू शकतो. संसर्ग त्याने बरा होतो असं कुणी दाखवलेलं नाही.

जाता जाता: त्या थेंबांतला कॅलेंडुला म्हणजे आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू नव्हे. दोन्ही वनस्पती वेगळ्या आहेत. झेंडूच्या पानांचा रस कानात पिळायला तो अभ्यास आधार देत नाही.

आता कृती. डॉक्टरांनी कान पाहून पडदा नीट असल्याचं सांगितलं असेल, कान कोरडा असेल आणि माणूस पाच वर्षांपेक्षा मोठा असेल, तरच.

१. लसणीच्या दोन मध्यम पाकळ्या सोलून धुवा, पूर्ण कोरड्या पुसा आणि खलात ठेचा. ठेचून दहा मिनिटं तशाच ठेवा.

२. कोरड्या कढल्यात ३० मिलिलिटर तिळाचं तेल घ्या. मोहरीचं कच्चं तेल नको, ते झोंबतं. तेल अगदी मंद आचेवर ठेवा आणि बोट क्षणभर बुडवता येईल इतपतच गरम होऊ द्या. पुढच्या पायरीत लसूण घातल्यावर तडतड आली, तिच्या कडा तपकिरी झाल्या की समजा आच जास्त झाली. ते तेल टाका आणि पुन्हा सुरुवात करा.

३. गॅसवरून उतरवून त्यात ठेचलेली लसूण घाला, झाकून वीस मिनिटं ठेवा.

४. धुऊन उन्हात वाळवलेल्या मलमलीच्या चार पदरी कापडातून दोनदा गाळा. लसणीचा एकही कण तेलात राहता कामा नये. कच्च्या लसणीने कातडी अक्षरशः भाजते आणि नळीची कातडी फार पातळ असते.

५. पहिल्यांदा वापरताना एक थेंब कोपराच्या आतल्या घडीत लावून अर्धा तास थांबा. लाल झालं, चुरचुरलं तर हे तेल तुमच्यासाठी नाही.

६. वाटीतलं तेल कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उबेला आणा. मनगटावर टाकलेला थेंब गरमही लागू नये आणि गारही. याला कारण आहे. कानात थंड किंवा गरम द्रव गेला की आतल्या कानातला तोल सांभाळणारा द्रव हलतो आणि घर गरगर फिरतं. व्हिएन्नातल्या रॉबर्ट बारानी यांनी हे उलगडलं आणि तोल सांभाळणाऱ्या या अवयवावरच्या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. फ्रिजमधल्या बाटलीतून थेट थेंब सोडले की मुलाला वांती होते ती म्हणून.

७. दुखरा कान वर करून कुशीवर झोपवा. मोठ्यांचा कान वर-मागे ओढून धरा म्हणजे वळण सरळ होतं. ड्रॉपर आत न खुपसता भोकाच्या कडेने दोनच थेंब सोडा. थेंब भिंतीवरून घरंगळत आत जाऊ द्या. मधोमध सोडला तर खाली हवा अडकून वर बुडबुडा दिसतो आणि तेल तिथेच थांबतं. तेव्हा भोकापुढचा उंचवटा चार-पाचदा हलका दाबून सोडा. पाच मिनिटं तसंच पडून राहा, मग उठून कापसाने बाहेरचं तेल टिपा. कापसाचा बोळा आत कोंबून ठेवू नका.

थेंब पडताच जोराची आग झाली, चक्कर आली किंवा घशात लसणीची चव लागली, तर पडद्याला भोक असू शकतं. लगेच कान खाली करून तेल गळू द्या आणि डॉक्टर गाठा.

उरलेलं तेल त्याच दिवशी टाका. तेलात बुडालेल्या लसणीला हवा मिळत नाही आणि खोलीच्या उबेत तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. असं तेल खाल्ल्याने माणसं आजारी पडल्याच्या घटना १९८० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेत घडल्या आहेत. बाटली महिनाभर कपाटात ठेवून घरातल्या कुणी ते भाजीत घालू नये, म्हणून.

सोललेली पाकळी कानात घालून झोपणं हा प्रकार तर पूर्णपणे बंद करा. पाकळी सरकून आत अडकते, फुगते, कातडी भाजते आणि काढायला चिमटा घेऊन तज्ज्ञच लागतो.

पानांचे रस

सुदर्शनाचं पान गरम करून पिळलेला रस, तुळशीचा रस, आल्याचा, कांद्याचा, रुईच्या पिकल्या पानाला तूप लावून काढलेला रस, हे सगळं महाराष्ट्रात घरोघरी चालतं. यातलं एकही कानात घालू नका.

कारण साधं आहे. ताज्या रसात पाणी असतं, साखर असते, पानांचा चोथा असतो आणि पानावरची बुरशीची बीजंही असतात. कानाची नळी आपला मळ पातळसर, आंबट आणि चिकट ठेवून जंतूंना रोखते; त्यात ओला रस ओतला की बुरशीला आयतं शेत मिळतं. पावसाळ्यात कोकणपट्टीत कानातली बुरशी भरपूर दिसते. कान दुखण्यापेक्षा जास्त खाजतो, दडा बसतो आणि आत ओल्या वर्तमानपत्रासारखा राखाडी लगदा, त्यावर काळे ठिपके दिसतात. वारंवार तेल आणि रस घालणाऱ्यांना तो त्रास परत परत होतो. सुदर्शनाच्या रसात लायकोरिनसारखी दाहक अल्कलॉइड्स असतात. रुईचा चीक तर त्याहून वाईट: डोळ्यात उडाला तर बुबुळाला इजा होते, आणि कानात पिळताना तो डोळ्यापर्यंत ओघळायला वेळ लागत नाही.

तुळशीबद्दल एक कुतूहल वाढवणारं संशोधन आहे. २००५ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी उंदरांच्या कानाच्या नळीत बेसिलचं, म्हणजे तुळशीच्या भावंडाचं, ऊर्ध्वपातित तेल ठेवलं, तेव्हा त्याची वाफ पडद्यातून आत झिरपून मधल्या कानातला संसर्ग बराचसा हटला. आशादायक आहे, पण ते उंदीर होते, ते सुगंधी तेल होतं, आणि माणसाच्या कानाला किती प्रमाण चालतं ते ठरलेलं नाही. तुळशीचा काढा पिऊन घशाला बरं वाटतं, तो खुशाल प्या. लवंगेच्या तेलाचंही तसंच: दाढ दुखत असेल आणि कळ कानात येत असेल, तर कापसावर एक थेंब घेऊन दाढेवर ठेवा, कानात नको. टी ट्री तेल शुद्ध स्वरूपात गिनीपिगच्या मधल्या कानात घातल्यावर ऐकण्याची क्षमता घटल्याचंही दिसलं आहे.

वैद्यांकडून करून घेतलेलं कर्णपूरण (कानात औषधी तेल भरणं), निर्गुंडी तेल किंवा बिल्वतेल वापरून, ही वेगळी गोष्ट आहे. तिथेही वैद्यांनी आधी पडदा पाहिला आहे का, एवढं विचारा.

तेल खरंच कामाला येतं ते इथे

कोरडा, घट्ट मळ. कान दुखत नाही पण दडा आहे, ऐकू कमी येतं, अंघोळीनंतर एकदम बंद होतो, कारण मळ पाण्याने फुगतो. पडदा शाबूत असेल तर कोमट बदाम किंवा ऑलिव्ह तेलाचे दोन-तीन थेंब दिवसातून तीन-चार वेळा, तीन ते पाच दिवस घाला. मळ मऊ होऊन स्वतःच बाहेर येतो किंवा डॉक्टरांना काढायला सोपा जातो. या उपायाला अभ्यासांचा आधार आहे. कोणतं तेल श्रेष्ठ, याला नाही. पहिल्या दोन दिवसांत दडा वाढतो, घाबरू नका. काडी मात्र घालू नका, तिने मळ पडद्याकडे ढकलला जातो. मेणबत्तीच्या नळ्या कानात पेटवण्याचा नवा उद्योगही टाळा. मळ निघत नाही आणि मेणाचा चटका बसतो.

दुसरी वेळ म्हणजे कानात जिवंत किडा शिरणं. तो फडफडतो तेव्हा वेदना असह्य असतात. कुशीवर झोपवून कोमट खोबरेल तेल भोक भरेपर्यंत सोडा; किडा काही मिनिटांत मरतो. मग तो ओढून काढायच्या भानगडीत न पडता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

बाळाला मालिश झाल्यावर दोन्ही कानांत तेल सोडायची रीत मात्र आता सोडावी. आजीच्या मायेबद्दल शंका नाही. पण बाळाची नळी अरुंद असते, तेल आत साचतं आणि मालिशच्या तेलाला धूळ चिकटते. कानाच्या पाळीला, कानामागे चोळा, भोकात नाही.

किती थांबायचं आणि कधी धावायचं

मधल्या कानाचं दुखणं पुष्कळ मुलांत प्रतिजैविकाशिवाय ओसरतं. सुमारे ६० टक्के मुलांचं दुखणं चोवीस तासांत थांबलेलं असतं. घरगुती उपायांना एवढं यश मिळतं त्यामागे हेच गणित आहे. म्हणून दोन वर्षांपुढचं मूल, एकाच कानाचं साधारण दुखणं, ताप ३९ अंश सेल्सिअसच्या (१०२ फॅरनहाइटच्या) खाली, खेळतंय-खातंय, अशा वेळी शेक आणि पॅरासिटामॉलवर दोन दिवस वाट पाहायला हरकत नाही. डॉक्टरही अनेकदा तेच सांगतात. दोन दिवसांनी उतार नसेल, किंवा मध्येच दुखणं वाढलं, तर तपासणी.

पुढच्या गोष्टींत मात्र थांबणं नाही. कानामागचं हाड सुजून लाल झालं आणि कान पुढे ढकलल्यासारखा दिसू लागला, तर संसर्ग हाडात उतरतो आहे. तोंड एका बाजूला वाकडं झालं. मान आखडली, उजेड सहन होत नाही, मूल गुंगीत आहे. चक्कर थांबत नाही. सहा महिन्यांखालचं बाळ आहे. मधुमेही माणसाचा कान रात्री झोप उडवेल इतका दुखतो. आणि दुखत नसलं तरी एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर "दडा बसला असेल" म्हणत तेल घालत बसू नका. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडतात.

दुखणं थांबल्यावरही पडद्यामागचा द्रव काही आठवडे राहतो. मूल हाक मारली तर वळत नाही, टीव्हीचा आवाज वाढवतं, वर्गात दुर्लक्ष करतं असं शिक्षक सांगतात. त्या दिवसांत त्याला पहिल्या बाकावर बसवायला सांगा, घरी समोर येऊन बोला, आणि तीन महिन्यांनीही तसंच असेल तर ऐकण्याची चाचणी करून घ्या.